मुलाने सिगारेट कमी करून व्हेप धरला, विष खरंच कमी झालं का?

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. माझा मुलगा २६ वर्षांचा, अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कॉलेजपासून सिगारेट ओढायचा, दिवसाला दहा-बारा. गेल्या आठ महिन्यांपासून व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची ई-सिगारेट, ओढतो आणि सिगारेट दोन-तीनवर आली म्हणतो. मी काही बोलले की ऐकवतो, "आई, यात ९५ टक्के विष कमी आहे, इंग्लंडचे डॉक्टरच सांगतात." थोरल्या मुलीचं दीड वर्षाचं बाळ दिवसभर माझ्याकडे असतं, त्यामुळे जास्तच धास्ती वाटते. डॉक्टर, या दोन्हींतून नेमकं काय काय पोटात आणि छातीत जातं? तो म्हणतो ते खरं आहे का? मी भांडू की गप्प बसू?

उत्तर :

ताई, तुमचा मुलगा खोटं बोलत नाही. पण तो जे सांगतोय ते सिगारेट पूर्ण सोडलेल्या माणसाला लागू आहे, आणि त्याने ती सोडलेली नाही. दिवसाला दोन-तीन उरल्या आहेत. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली ओळ हीच. व्हेपमध्ये काय असतं ते पुढे सविस्तर सांगतो, पण आज त्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका त्या उरलेल्या दोन-तीन सिगारेटींचाच आहे, हे आधी सांगून ठेवतो.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. परळ-दादर भागात बावीस वर्षं रुग्ण तपासतोय. पहिली पंधरा वर्षं माझ्यासमोर बिडी आणि सिगारेट ओढणारेच बसायचे. व्हेप ओढणारी मुलं गेल्या सहा-सात वर्षांत यायला लागली, आणि बहुतेक वेळा आईच त्यांना धरून आणते. तेव्हा तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या ओपीडीतलाच आहे.

सिगारेटपासून सुरुवात करू. तंबाखूच्या पानात विष असतंच, पण पेटवल्यावर त्यात जी भर पडते ती भयंकर असते. झुरका घेतला की सिगारेटचं टोक साधारण ९०० अंशांपर्यंत तापतं. त्या आगीत पान, कागद, त्यावर मारलेले मसाले असं सगळं फुटतं, अर्धवट जळतं आणि त्यातून सात हजारांहून जास्त रसायनं तयार होतात. त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग घडवणारी आहेत. बेंझिन, ब्युटाडाईन, बेंझोपायरिन, फॉर्माल्डिहाइड ही काही नावं. पानातलं निकोटीन आणि त्याची भावंडं पान सुकवताना आणि मुरवताना बदलतात, त्यांतून नायट्रोसामाइन नावाचा गट तयार होतो. तंबाखूच्या कर्करोगात त्याचा वाटा फार मोठा. जमिनीतलं कॅडमियम पानात चढतं, पोलोनियमसारखं किरणोत्सारी द्रव्यही पानात येतं आणि ते धुराबरोबर फुफ्फुसात जाऊन बसतं. शिवाय कार्बन मोनॉक्साइड. बंद न्हाणीघरात गॅस गिझरने माणसं दगावतात ना, तोच वायू. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि मग हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त राबावं लागतं.

म्हणूनच "माझी लाइट आहे", "माझी हर्बल आहे", "बिडी तर पानाची असते" या सगळ्याला मी एकच उत्तर देतो : पेटवता ना? मग विष तयार होणारच. बिडीत तर तेंदूचं पान धड जळत नाही, ती विझू नये म्हणून जोरजोरात ओढावी लागते आणि डांबर नि कार्बन मोनॉक्साइड जास्तच जातं.

व्हेपमध्ये काही पेटत नाही. खरा फरक हा आहे आणि तो लहान नाही. आत एक बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. तिच्याभोवती कापूस, कापसात भिजलेलं द्रव, ज्याला मुलं ज्यूस म्हणतात. बॅटरी तार तापवते, द्रवाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते माणूस आत ओढतो. त्याला वाफ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण पाण्याच्या वाफेशी त्याचं काही नातं नाही. शिवाजी मंदिरात नाटकाला गेला असाल तर स्वप्नाच्या किंवा भुताच्या प्रवेशात रंगमंचावर धूर सोडतात तो आठवा. तो धूर बहुतेक वेळा ग्लायकॉलच्या द्रावणातून काढतात. व्हेपचं मुख्य द्रवही त्याच कुळातलं : प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात निकोटीन, वासाची रसायनं, गोडी.

आता तुम्हाला पटकन कळेल असं सांगतो. कढईत तेल तापायला ठेवलं, फोन वाजला, विसरलात. परत येता तेव्हा घरभर धूर, डोळे झोंबतात, घसा धरतो, खोकला सुटतो. त्या धुरातला मुख्य दोषी ॲक्रोलीन. तेलाच्या रेणूचा कणा ग्लिसरीनचाच असतो, तो जास्त तापला की तुटून ॲक्रोलीन होतं. व्हेपमधलं ग्लिसरीनही जास्त तापलं की तेच करतं, आणि प्रोपिलीन ग्लायकॉल तुटून फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड देतं. मंद आचेवर हे अगदी थोडं होतं. ताकद वाढवली, किंवा कापूस कोरडा पडला असतानाच ओढलं, की प्रमाण झपाट्याने चढतं. मुलं त्याला "जळका पफ" म्हणतात, तोंड कडू होतं आणि ती लगेच बाजूला ठेवतात. २०१५ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात कमी व्होल्टेजला फॉर्माल्डिहाइडची संयुगं सापडली नाहीत आणि जास्त व्होल्टेजला मात्र सिगारेटपेक्षाही जास्त निघाली. त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. मग दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की इतका जळका पफ कुणी माणूस ओढूच शकणार नाही. आक्षेप रास्त होता. पण माझ्या टेबलावर जी यंत्रं येतात ती पाहिली की वाटतं, जळक्याच्या एक पायरी अलीकडे बरीच मुलं रोज ओढत असतात.

गेल्या पावसाळ्यात एका मुलाने मला त्याचं पॉड, म्हणजे व्हेपमधली द्रव आणि कॉइल असलेली डबी, उघडून दाखवलं. आतला कापूस नवा असताना पांढरा शुभ्र असतो. याचा उकळलेल्या चहाच्या गाळणीसारखा झाला होता, तारेला लागून काळी पुटं. द्रव विकत घेताना पाण्यासारखं होतं म्हणाला, ते आता काकवीच्या रंगाचं दिसत होतं. कॉइल कधी बदललीस विचारलं, तर आठवेना. वास मात्र आंब्याचा. ते पॉड त्याच्या आईने हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि काही न बोलता परत ठेवलं.

त्या तारेतूनही काही निघतं. निकेल, क्रोमियम आणि लोखंड यांचे मिश्रधातू, जोडकामात कधी शिसं आणि कथिल. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज व्हेप ओढणाऱ्या ५६ जणांची यंत्रं तपासली, २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते, पण तेच द्रव कॉइलला लागून राहिलं की त्यात शिसं, निकेल, क्रोमियम उतरलं होतं आणि आत ओढल्या जाणाऱ्या थेंबांतही पोचलं होतं. सिगारेटमध्ये कॅडमियम जास्त, तर व्हेपमध्ये यंत्रानुसार निकेल आणि क्रोमियम. म्हणजे दोन्हींचं विष एकसारखं नाही, आणि सिगारेटमध्ये नसलेलं काही व्हेपमध्ये असू शकतं. नुसतं "एवढे टक्के कमी" म्हटल्याने ही बाजू दिसत नाही.

वासाच्या रसायनांबद्दल मुलं ठामपणे सांगतात की ही सगळी खाण्यातली आहेत, सरकारमान्य आहेत. खाण्यात चालतात हे खरं. पण पोटात आम्ल आहे, पुढे यकृत आहे, गाळण्याची केवढी मोठी व्यवस्था आहे. फुफ्फुसात श्वास रक्ताला भेटतो तिथला पडदा केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी पातळ असतो. खोबरेल तेल भाजीत चालतं म्हणून कुणी ते नाकाने ओढत नाही. लोण्याचा स्वाद देणारं डायॲसिटिल हे यातलं प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकेत पॉपकॉर्न बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना त्याच्या वाफेने बारीक श्वासनलिका कायमच्या आखडण्याचा आजार झाला होता. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ५१ स्वाद तपासले, ३९ मध्ये डायॲसिटिल मिळालं. मात्र हेही सांगायला हवं की सिगारेटच्या धुरात डायॲसिटिल याहून बरंच जास्त असतं. "व्हेपने पॉपकॉर्न लंग होतो" असं जे फॉरवर्ड फिरतं, त्यावरून मुलाला धाकात घेऊ नका. तो दोन मिनिटांत मोबाइलवर शोधेल, तुमचं म्हणणं कच्चं निघेल आणि पुढचं खरं बोलणंही तो ऐकणार नाही.

हे सगळं यंत्रातलं झालं. माणसाच्या अंगात किती उरतं हे बघायचं तर लघवी तपासावी लागते. तंबाखूतल्या एका जहाल नायट्रोसामाइनचा अवशेष लघवीत कित्येक दिवस मिळत राहतो. ब्रिटनमध्ये १८१ जणांवर असा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. सिगारेट सोडून बराच काळ फक्त व्हेप ओढणाऱ्यांत हा अवशेष सिगारेटवाल्यांपेक्षा ९७ टक्क्यांनी कमी होता. निकोटीन मात्र जवळपास तेवढंच. अमेरिकेत ५,१०५ लोकांच्या तपासण्यांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्याचा कलही तोच. फक्त व्हेप ओढणाऱ्यांत बहुतेक विषं सिगारेटवाल्यांपेक्षा कमी, पण कधीच काही न ओढणाऱ्यांच्या मानाने निकोटीन, काही धातू आणि काही रसायनं जास्तच. म्हणजे तुमच्या मुलाचं म्हणणं इथवर खरं आहे.

आणि या दोन्ही अभ्यासांत तिसरा एक गट होता, तुमच्या मुलासारखा. सिगारेटही आणि व्हेपही. त्यांच्या लघवीतलं विष सिगारेटवाल्यांपेक्षा म्हणावं तसं कमी झालंच नव्हतं, अमेरिकेच्या अभ्यासात तर काही रसायनं थोडी जास्तच निघाली. कारण शोधायला लांब जायला नको. माणूस सिगारेटी कमी करतो तेव्हा उरलेल्या जास्त खोल ओढतो, अगदी बोटाला चटका बसेपर्यंत, आणि वर व्हेपची भर पडते.

त्या ९५ टक्क्यांचं सांगतो. तो आकडा कुठल्या यंत्राने मोजलेला नाही. डझनभर तज्ज्ञ एकत्र बसले आणि निकोटीनच्या बारा प्रकारांना चौदा निकषांवर गुण दिले. तो निबंध २०१४ मध्ये आला. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने त्याचा आधार घेऊन "सुमारे ९५ टक्के कमी घातक" असं जाहीर केलं. लगेच टीकाही झाली, कारण पुरावा तेव्हा तोकडा होता. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, आणि आजच्यासारखी मिठाच्या रूपातलं निकोटीन (ते काय, हे पुढे सांगतो) भरलेली पॉड तेव्हा नुकतीच कुठे यायला लागली होती. मला स्वतःला तो आकडा वापरायला आवडत नाही. मी म्हणतो, पूर्ण बदल केला तर विषाचा भार खूप कमी होतो. पण सिगारेटच्या शेजारी उभं केलं तर जवळपास काहीही बरं दिसेल. तिच्याइतकी माणसं मारणारी दुसरी कुठलीच वस्तू दुकानात उघडपणे विकली जात नाही. तुमच्या मुलाने मोजायचं तर स्वच्छ श्वासाच्या मानाने मोजायला हवं. मुंबईच्या हवेत तो कुठे मिळतो, असं मुलं मला विचारतात. हिवाळ्यातली ती धुरकट सकाळ मीही बघतो. पण आधीच भार पडलेल्या फुफ्फुसावर आणखी भार का टाकायचा?

रसायनं कमी झाली म्हणून धोकाही त्याच हिशेबाने कमी होतो असंही नाही. कर्करोगाचा हिशेब बराचसा मात्रेचा आणि वर्षांचा आहे. हृदयाचा तसा नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. वीसवा हिस्सा नव्हे, निम्मा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला थोडा धूरही पुरतो. बारावरून तीनवर आल्यावर तुमचा मुलगा समजतो की तीन चतुर्थांश धोका गेला. तेवढा गेलेला नाही. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली दुःखाची बाब ही आहे की त्याने मेहनत घेतली, आणि तिचं फळ त्या शेवटच्या तीन सिगारेटींपाशी अडकून पडलं.

गोरेगावच्या एका मुलाचं सांगतो. "सर, मी फक्त व्हेप," असं ठामपणे म्हणाला. माझ्याकडे कार्बन मोनॉक्साइड मोजायचं हातात मावेल एवढं यंत्र आहे. दम धरायचा आणि नळीत सावकाश फुंकायचं. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण सहाच्या आत येतो. नुसता व्हेप ओढणाऱ्याचाही तेवढाच, कारण काही जळलेलंच नाही. याचा आला सोळा. तो चमकलाच, यंत्र बिघडलं असेल म्हणाला. मी पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा सोळा. मग आम्ही दोघांनी बसून सकाळपासूनच्या मोजल्या. स्टेशनाबाहेर टपरीवर चहाबरोबर एक. ऑफिसखाली मित्राने दिली ती एक, "ती काय माझी नव्हती." जेवणानंतर एक. माझ्याकडे यायचं टेन्शन म्हणून एक. चार झाल्या, आणि दुपारचे चार वाजले होते. तो खोटं बोलत नव्हता. व्हेप हातात असल्यामुळे स्वतःला सिगारेट ओढणारा समजणंच त्याने सोडलं होतं.

निकोटीनवर थोडं. कर्करोग निकोटीनमुळे होतो असं नाही, पण गुलामी त्याचीच. सिगारेटला शेवट असतो. दहा-बारा झुरके, पाच-सहा मिनिटं, थोटूक चुरगाळलं, संपलं. व्हेपला शेवट नाही. वास कपड्यांना धरत नाही म्हणून तो अंथरुणात, मीटिंगमधून उठून, लोकलच्या दारात उभं राहूनही ओढता येतो. नव्या पॉडमध्ये निकोटीनला आम्लाची जोड देऊन त्याचं मीठ करतात, त्यामुळे घशाला ओरखडा न लागता जास्त मात्रा जाते. "५ टक्के" लिहिलेल्या द्रवात एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन असतं. ब्रिटनमध्ये कायद्याने २० च्या वर परवानगी नाही. एका सिगारेटमधून अंगात जातं एक ते दीड मिलिग्रॅम. म्हणून व्हेपवरची मुलं मला सांगतात की रात्री जाग आली तरी हात उशाखाली जातो. सिगारेटसाठी मध्यरात्री उठणारे मी कमीच पाहिले.

आता तो इंग्लंडच्या डॉक्टरांचा दाखला देतो तिथे मला त्याच्याशी स्पष्ट बोलावंसं वाटतं. तिथे सिगारेट सोडायला व्हेप वापरतात हे खरं आहे आणि त्याचा उपयोगही होतो. २०१९ मध्ये ८८६ लोकांवर झालेल्या चाचणीत व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के वर्षाने सिगारेटमुक्त होते, निकोटीनचे पट्टे-गोळ्या दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. मात्र व्हेपने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. आणि तिथे सुरुवातीचे किमान चार आठवडे समुपदेशक दर आठवड्याला मदत करत होता, द्रवाच्या बाटलीवर जे लिहिलंय ते आत असण्याची कायदेशीर हमी होती. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी मुंबईत माल मिळतो, मोबाइलवर मेसेज टाकला की घरपोच येतो, हे मला माझेच रुग्ण सांगतात. याहून कितीतरी विषारी सिगारेट कोपऱ्यावर राजरोस मिळते आणि व्हेपवर बंदी, ही विसंगती मलाही खटकते. पण तुमच्या मुलासाठी त्याचा अर्थ एवढाच की तो ओढतो त्या बाटलीत काय आहे हे तपासणारा कुणीही नाही. चोरट्या मालाच्या डबीवरचं "२ टक्के" किंवा "निकोटीन नाही" हे नुसतं छापलेलं असतं.

बाटलीत भलतंच असलं तर काय होतं हे अमेरिकेने २०१९ मध्ये पाहिलं. धडधाकट तरुण मुलं धाप लागून, ताप येऊन रुग्णालयात येऊ लागली, छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसं पांढरी. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. बहुतेकांनी व्हेपमध्ये गांजातल्या अमली द्रव्याच्या डब्या वापरल्या होत्या, पुष्कळांनी त्या अनधिकृत विक्रेत्यांकडून घेतलेल्या. द्रव दाट दिसावं म्हणून त्यात जीवनसत्त्व ई चं एक तेलकट रूप मिसळलेलं होतं. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातला द्राव तपासला, त्यातल्या ४८ जणांत ते सापडलं. साध्या निकोटीनच्या व्हेपने हे झालं असं मी म्हणत नाही. पण मित्राने दिलेलं पॉड "एकदा ट्राय कर" म्हणून ओढणं किती महागात पडू शकतं, हे त्याला जरूर सांगा. व्हेप ओढणाऱ्याला धाप, ताप आणि उलट्या एकत्र आल्या तर साधा फ्लू समजून घरी थांबू नका, आणि डॉक्टरांपासून व्हेप लपवू नका.

मग करायचं काय? माझा क्रम असा. पहिलं काम त्या दोन-तीन सिगारेटी शून्यावर आणायचं. व्हेपचं भांडण आज काढू नका. तुम्ही व्हेप फेकून दिलात तर दुसऱ्या दिवशी तो टपरीवर दहा सिगारेटी ओढेल, आणि ते प्रत्येक बाबतीत वाईट. सिगारेटी सुटून महिना-दीड महिना स्थिर झाला की मग व्हेप उतरवायचा : आधी बेडरूममधून, मग घरातून, मग दोन वेळांमधलं अंतर वाढवत. काही मुलं दोन्ही एकदम सोडतात, तेही उत्तम. नवीन कुणी मला विचारलं की सिगारेट सोडायला व्हेप घेऊ का, तर मी नाही सांगतो, कारण इथे खात्रीचा माल नाही आणि खात्रीची औषधं आहेत.

निकोटीनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागते अशांना ४ मिलिग्रॅम लागतो, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने. पुष्कळ लोक तो खाण्याच्या च्युइंगमसारखा चघळतात, मग मळमळतं, उचकी लागते आणि "मला सूट झाला नाही" म्हणून सोडून देतात. तिखट झिणझिणी येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गालात दाबून ठेवायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, तोंड आंबट असलं की निकोटीन शोषलं जात नाही. आपल्याकडे चहाबरोबरच सिगारेटची तलफ येते, त्यामुळे नेमकी ही चूक सगळ्यांकडून होते. यानेही भागलं नाही तर व्हॅरेनिक्लीन नावाची गोळी आहे, साधारण बारा आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सरकारी मोफत क्रमांक १८००-११-२३५६ सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, तिथे समुपदेशक बोलतात.

बाळाचं आता. सिगारेटच्या धुराइतका व्हेपचा धूर शेजारच्याला घातक नाही, पण निकोटीन हवेत आणि सामानावर उतरतं आणि दीड वर्षाचं मूल सगळं तोंडात घालतं. घरात काहीच ओढायचं नाही, बाथरूममध्येही नाही, हा नियम ठेवा, आणि सिगारेट ओढून आला असेल तर हात-तोंड धुऊन, शर्ट बदलून मगच बाळाला उचलायचं. खरी भीती बाटलीची आहे. आंब्याच्या वासाचं, गोड, चकचकीत बाटलीतलं ते द्रव लहान मुलाला सरबतच वाटणार, आणि थोडं निकोटीनही इतक्या लहान जिवाला प्राणघातक ठरू शकतं. बाटली, पॉड, यंत्र सगळं कुलपात, औषधांसारखं. चुकून बाळाच्या तोंडात गेलंच तर उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. तोंड पुसा, अंगावर सांडलं असेल तर साबण-पाण्याने धुवा आणि बाटली बरोबर घेऊन थेट जवळचं रुग्णालय गाठा. लाळ गळणं, उलटी, पांढरं पडणं दिसायची वाट बघू नका.

भांडू की गप्प बसू, असं विचारलंत. दोन्ही नको. रात्री तो जेवून बसला असेल तेव्हा त्याला एवढंच विचारा, "बाळा, त्या दोन-तीन कुठल्या?" किती ते विचारू नका. कुठल्या, केव्हाच्या, कुणाबरोबरच्या हे विचारा. सकाळी ट्रेन पकडायच्या आधीची, साहेबाबरोबर खाली उतरल्यावरची, रात्री फोनवर बोलतानाची. तो सांगेल, कारण यात दोष दिलेला नाही. त्याच्याकडूनच त्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊन दोघं या. च्युइंगम नेमका त्या वेळांच्या दहा मिनिटं आधी तोंडात असायला हवा, तेव्हा आपण त्या कागदापासूनच सुरुवात करू. आणि येताना त्याला सांगा, डॉक्टरांकडे एक नळी आहे, तिच्यात फुंकायचं आहे.